दुपारचा गॅस

आमच्या ह्यांना बाटल्यांच्या कारखान्यात सगळे ‘दशांश’ म्हणतात. उगीच नाही. भाजीत मीठ किती कमी आहे विचारलं, तर ‘किंचित’ हा शब्द त्यांना चालत नाही.

काम काय, तर भट्टीत जळलेल्या गॅसमधून धुराड्यावाटे किती कार्बन वर गेला याचा हिशोब ठेवायचा. त्यासाठी सरकारी कचेरीनं एक गुणक ठरवून दिलाय: इतका गॅस जाळलात, तर इतका कार्बन. सगळ्यांना तोच, सब घोडे बारा टक्के! ह्यांना ते पटेना. आपल्या नळाचा गॅस हलका आहे, त्यात कार्बन कमी, त्याला त्याचाच गुणक मिळाला पाहिजे, म्हणून बसले हटून.

मी आधी हसले. मग कळलं, की कचेरीच्या गुणकानं कारखाना कार्बनच्या मर्यादेबाहेर जातोय आणि तसं झालं तर धाकटी भट्टी बंद करून तिथली माणसं दूरच्या गावी पाठवणार. त्या भट्टीवर माझा भाऊ आहे. आमच्याच वरच्या मजल्यावर राहतो, जेवायला अर्धा वेळ खालीच असतो. मग मीच ह्यांच्यामागे ‘अर्जाचं काय झालं?’ असा ससेमिरा लावला.

पोलादी नळकांड्यांत गॅसचे नमुने भरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेले. आकडा छान कमी आला, अर्ज गेला. भावानं ह्यांना मिठीच मारली. मिठीत हे नेहमी खांबासारखे उभे राहतात, तसेच राहिले.

आणि मग ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. सगळे नमुने सकाळचे होते. सकाळी हात मोकळे असतात म्हणून तेव्हाच भरलेले. कुणी न सांगता ह्यांनी दुपारचेही भरून पाठवले. ते जड निघाले. गॅस कंपनी दुपारी दुसऱ्याच विहिरीचा गॅस मिसळत होती.

“दुपारचे नमुने मागितले होते कुणी?” मी विचारलं.

“कुणीच नाही.”

“मग कशाला नसती उठाठेव?”

“अगं, भट्टी दुपारीही जळते ना!”

एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ. आपलेच दात, आपलेच ओठ. नवे आकडे कचेरीत पाठवण्याआधी हे जिना चढून भावाकडे गेले. खाली आले आणि आकडे पाठवून मोकळे झाले. त्यानंतर भाऊ जेवायला फिरकला नाही. मी त्याचं ताट मांडायची आणि उचलून ठेवायची.

शेवटी कचेरीतल्या बाईंचा फोन आला. सगळे नमुने सकाळचेच आहेत हे त्यांनीही हेरलं होतं. अर्ज फेटाळायचं पत्र टाइप होऊन सहीला गेलं होतं, तेवढ्यात दुपारचे आकडे पोचले. दोन्ही मिळून नवा गुणक मंजूर झाला. कचेरीच्या गुणकापेक्षा तो थोडासाच कमी, पण मर्यादेत बसायला तेवढा पुरला. धाकटी भट्टी वाचली.

त्या संध्याकाळी भाऊ खाली आला, हात धुऊन आपल्या जागेवर बसला आणि “ताई, वाढ,” म्हणाला. जणू कालच जेवून गेला होता! मला हसू आवरेना. हे मात्र नुसतेच ताटाकडे बघत होते.

“आता काय झालं? चौथा दशांश चुकला की काय?” मी विचारलं.

“भट्टी बंद पडली असती, तरी मी ते आकडे पाठवलेच असते,” हे हळूच म्हणाले. “मी वर जाऊन ह्याला तसं सांगितलं होतं.”

“आणि मी म्हटलं, पाठवा,” भाऊ म्हणाला. “तुम्ही गेल्यावर दार लावून रडलो, भाऊजी. पण म्हटलं होतं ना, पाठवा.”

माझे डोळे भरून आले. खांबासारखा माणूस उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा, खरकट्या हातानं, त्यानं माझ्या भावाला मिठी मारली.