पानाच्या तळाशी असलेली ओळ

जस्मिन टीचा वास आला की मला कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचं ते ऑफिस आठवतं आणि तोंड कडू होतं. शेजारच्या क्युबिकलमधली चिनी सहकारी दुपारी तो चहा करून स्वतःची वेबसाइट उघडायची. तेव्हा चिनी भाषेत रोज नव्या सोशल साइट्स निघायच्या, त्यांची ती यादी होती. कुठे गप्पा, कुठे फोटो, कुठे लग्नं जुळवणं. त्यातल्या बंद पडलेल्या लिंका आपोआप काढून टाकणारा प्रोग्रॅम मी लंच बुडवून तिला लिहून दिला, चिनी एक अक्षर वाचता येत नसताना. तिने पानाच्या तळाशी चिनीत एक ओळ घातली आणि म्हणाली, "दॅट्स यू." माझं नाव छापलं म्हणून मी हरखलो. माझ्या आजोबांना गावाने कधी नावाने हाक मारली नव्हती, जातीनेच मारली. मी त्या पानाचा प्रिंटआउट नागपूरला आईला पाठवला. तिने तो फ्रेम करून बुद्धाच्या तसबिरीखाली लावला. पुढे टीममध्ये आलेल्या एका चिनी इंजिनिअरला मी ऐटीत ती ओळ वाचायला लावली. तो चाचरला. "यात नाव नाहीये. लिहिलंय, कचरा काढणारा, शेजारचा इंडियन." मी तिला विचारलं, तर ती चहावर फुंकर घालत म्हणाली, "तुझं नाव फार लांब आहे, आमच्या अक्षरांत बसेना." आई अजून पाहुण्यांना त्या ओळीवर बोट ठेवून दाखवते, "हे आमच्या पोराचं नाव." आणि मी शेजारी उभा राहून होकाराची मान हलवतो.