काळ्या चौकोनातला आवाज

असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत, आणि आता मानते असंही म्हणवत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... पण जे झालं तेवढंच सांगते.

शहाडच्या चाळीतून आम्ही टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये आलो. समोरच्या फ्लॅटमध्ये सुमनकाकू, चाळीतही त्या आमच्या शेजारीच होत्या. आई माजिवड्याला एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते, मी कल्याणला कॉलेजात. घर दिवसभर बंद, म्हणून कॅमेरावाली डोअरबेल घ्यायचं ठरलं. "तू शिकतेस, तूच बघ," आई म्हणाली. मी प्रायव्हसीचं सगळं वाचून, रेकॉर्डिंग कंपनीकडे न जाता आपल्याच मेमरी कार्डवर राहील अशी निवडली.

अडचण काकूंची होती. चाळीच्या सवयीने त्यांचं दार दिवसभर उघडं, आणि कॅमेरा थेट त्यांच्या हॉलमध्ये बघणार.

"म्हणजे आता माझ्याच घरात मी नटूनथटून बसू का गं?"

हसत म्हणाल्या, पण लागलेलं त्यांना. मग मी सेटिंगमध्ये जाऊन त्यांच्या दाराचा भाग काळा केला आणि मोबाईलवर दाखवला. आवाज मात्र येतच राहतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

एका दुपारी कॉलेजात असताना अलर्ट आला – दाराबाहेर कोणीतरी आहे. मोबाईलवर उघडून बघितलं तर पॅसेज रिकामा, बाजूला तो काळा चौकोन, आणि त्यातून काकूंचा आवाज.

"मंगल, आत ये ना. रोज येतेस आणि नुसती उभी राहतेस... माझं काही चुकलं का?"

मंगल म्हणजे माझी आई.

मी लगेच आईला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज, तिथल्या बायकांची बडबड. ती कामावरच होती. काकूंना भास होतायत का? कोणी आपला कॅमेरा हॅक केलाय का? की आईच माझ्यापासून काही लपवतेय? एकेक शंका येत गेली, शेवटच्या शंकेची तर लाजच वाटली.

संध्याकाळी काकूच आल्या. तू दुपारी दारात येतेस आणि न बोलता जातेस, हे कसलं वागणं, असं आईला विचारलं. आई चिडली. मी कामावर असते म्हणाली. "मग मी खोटं बोलते?" काकूंचा आवाज बदलला. इतक्या वर्षांत दोघींचं असं कधी झालं नव्हतं. शेवटी त्या मला म्हणाल्या, "काढ तो काळा भाग. दिसू दे काय ते."

काढला. दुसऱ्या दिवशी परत अलर्ट आला. एकटीने बघायची हिंमत झाली नाही, आई घरी आल्यावर दोघींनी रेकॉर्डिंग पाहिलं.

माणूस दिसला की हा कॅमेरा त्याच्याभोवती हिरवी चौकट काढतो. एक चौकट काकूंभोवती होती. दुसरी त्यांच्या उंबऱ्यापाशी, साधारण आईच्या उंचीची – आणि तिच्यात कोणीच नव्हतं. काकू तिच्याशीच बोलत होत्या. मग ती चौकट हळूहळू सरकत आमच्या दाराकडे आली...

मला वाटलं, आई हे काकूंना दाखवणार. पण ती मोबाईल ठेवून उठली आणि समोर गेली. काकू दारातच बसलेल्या.

"हो सुमन, मीच येते," आई म्हणाली. "बोलायचं राहून जातं."

काकूंनी डोळे पुसले आणि तिला हाताला धरून आत नेलं.

डोअरबेल आम्ही काढून टाकली. सॉफ्टवेअरची चूक असेल, मला माहीत नाही. काकूंचं मन राखायला आई खोटं बोलली, असं मी स्वतःला सांगत असते. पण माझ्या आईला खोटं बोलता येत नाही, तिच्या चेहऱ्यावर लगेच कळतं... आणि त्या संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर तसं काहीच दिसलं नाही.