काकिनाडा: काटा चढला तेव्हा गप्प न बसलेल्या बहिणीला आणायला

काकिनाड्याला जायचं काही ठरलेलं नव्हतं. मंजूचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला, "ताई, मला जहाजावरनं उतरवलं. मी काम थांबवलं म्हणून." बंगालच्या उपसागरात खोल पाण्यात तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या जहाजावर ती इंजिनिअर. औरंगपुऱ्यातलं दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि निघाले.

संभाजीनगरहून सिकंदराबाद, तिथं गाडी बदलून काकिनाडा. आरक्षण आधीच करा. माझं नव्हतं, त्यामुळं अर्धा प्रवास दाराजवळ बॅगेवर बसून झाला. सोबतची धपाटी तेवढी कामी आली. गोदावरीचा पूल आला तसा सगळा डबा खिडक्यांकडं धावला. मी जागची हलले नाही. डोकंच इतकं तापलं होतं.

मंजू स्टेशनवर घ्यायला आली होती. बाहेरच्या टपरीवर आल्याच्या चटणीसोबत गरमागरम पेसरट्टू मिळतो, हिरव्या मुगाचा. जरूर खा. तिथंच तिनं सगळं सांगितलं.

"विहिरीत जड चिखल भरलेला असतो. त्याच्या वजनानं खालचा वायू दबून राहतो. तो चिखल काढायच्या आधी आतला दाब मुद्दाम उतरवून बघायचं. तळाशी भरलेलं सिमेंट पक्कं असलं तर दाबाचा काटा हलत नाय. आमचा चढत होता."

"मग?"

"साहेब म्हणले, मीटर खराब आहे, पुढं चला. मी म्हणलं, थांबवा. कुणीबी थांबवू शकतं, नियमच आहे तसा."

"पण समुद्राच्या तळाशी ती मोठी झडप असते ना, विहीर बंद करणारी?"

"ती अगदी शेवटचा उपाय, ताई. तिच्या भरवशावर काटा खोटा ठरवायचा व्हय?"

पुन्हा चाचणी झाली, पुन्हा काटा चढला. सिमेंट नव्यानं भरावं लागलं. जहाजावरचे सगळे सुखरूप राहिले आणि मंजूला पुढच्याच हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर धाडलं. कारण काय, तर ती "टीममध्ये मिसळत नाही"!

आम्ही दोघी कंपनीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजरनं चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, शेवटी काही झालं का? उगाच कशाला वाढवता?"

"काही झालं नाही ते हिच्यामुळं!" मी इतक्या जोरात बोलले की बाहेरचा शिपाई डोकावला.

मंजूचा आवाज मात्र चढला नाही. "मला त्याच जहाजावर पाठवा. आणि थांबवणं बरोबर होतं, हे सगळ्यांसमोर सांगा."

"बघू," तो म्हणाला.

संध्याकाळी रिक्षानं उप्पाड्याच्या किनाऱ्यावर गेलो. लाटांनी रस्ता जागोजागी खाल्लाय, जपून जा. ते जहाज तिथून दिसत नाही. तरी मंजू बराच वेळ पाण्याकडं बघत उभी होती.

दोघी घरी परतल्यावर काही आठवड्यांनी तिला बोलावणं आलं. त्याच जहाजावर. गेली. सगळ्यांसमोर मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, आणि साहेबही तिथंच आहेत. आई देवापुढं साखर ठेवून मोकळी झाली. माझा राग काही जात नाही. मंजूला बॅग घेऊन हेलिकॉप्टरमध्ये चढताना जहाजावरच्या प्रत्येकानं पाहिलंय. उद्या ती झोपलेली असताना काटा चढला, तर त्यांच्यातलं कोण तोंड उघडणार?