टोरांटोचा पहिला फोन

आमच्या ह्यांचं निम्मं आयुष्य दुसऱ्यावर जळण्यात गेलं. गिरगाव सोडून मीरा रोडला आलो तेव्हा शेजाऱ्याच्या गॅलरीवर जळायचे, मग ऑफिसात बढती मिळेल त्याच्यावर. पण खरा भडका उडाला तो आमच्या लेकीच्या, स्वप्नालीच्या लग्नानंतर. व्याही गुणवंतराव भाईंदरचे, घरात स्वतःचा फोन! फोनच्या यादीत आमचा नंबर काही केल्या लागत नव्हता. समोरच्या दुर्गाबेनकडे आमचा फोन आला की त्या हाक मारायच्या.

"पोरगी माझी, आणि बाबा म्हणते त्यांना," हे धुसफुसायचे.

"मग काय काका म्हणू दे?" मी म्हणायचे.

ब्याण्णव साली स्वप्नाली नवऱ्याकडे टोरांटोला निघाली. परदेशातून फोन म्हणजे केवढा खर्च! पोचल्यावर एकाच घरी करणार, त्यांनी दुसऱ्यांना कळवायचं. झालं! कुणाच्या घरी करते, ह्यावर ह्यांची झोप उडाली. आठवडाभर धाकट्या स्वप्नीलचा पृथ्वीगोल मांडीवर. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं टोरांटोवर. दोरा मोजून किलोमीटर काढले, विमानाच्या वेगाने भागले, चौदा तास आले. पहाटे चारचं विमान, म्हणजे संध्याकाळी सहाला टोरांटो. तिकिटावरही उतरायची वेळ सहाचीच! मग काय विचारता, विमानतळावर व्याह्यांना ऐकवलंसुद्धा, "सहाला उतरतेय. हिशेब करून सांगतोय."

सहापासून स्वारी दुर्गाबेनच्या सोफ्यावर. त्यांनी चहा दिला, मग खाकरा दिला, मग "भाईसाब, आयेगा तो मैं बुलाऊंगी ना" म्हणून घरी पाठवलं. आठ वाजले तरी फोन नाही. मी सकाळपासून केर काढला नव्हता. प्रवासाला गेलेलं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत आमच्यात केरसुणी हातात घेत नाहीत.

तेवढ्यात दारात गुणवंतराव. रिक्षातून उतरून जिना चढून आलेले, धापा टाकत.

"बघ, आला मिरवायला," हे पुटपुटले, आणि त्यांना तोंड उघडू न देता म्हणाले, "आला हो आमच्याकडे फोन! सुखरूप पोचली."

गुणवंतराव मटकन खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी. "सुटलो बुवा, हरिश्चंद्रराव! आमच्याकडे आला नाही, जीव राहवेना, म्हणून विचारायला आलो. पहिला फोन बापालाच यायचा, हक्कच आहे तुमचा. निघतो, आमची ही बिचारी केर काढायची थांबलीय."

ते गेले. ह्यांचा चेहरा पांढराफटक.

"अहो, तिकडे केर काढतील, आणि माझी पोर कुठेय कुणाला ठाऊक! जा, खरं काय ते सांगा त्यांना!"

हे उठले, चपला शोधल्या, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. "उद्या सांगतो," म्हणाले.

सकाळी दुर्गाबेनची हाक आली. हे माझ्या आधी धावले. मीही रिसीव्हरला कान लावला.

"अहो बाबा, मध्ये लंडनला कितीतरी तास बसवून ठेवलं. आणि तिकिटावरची वेळ इथल्या घड्याळाची असते, तुमच्या नाही! आत्ता घरी आलेय. भाईंदरला लावला, तर तुम्हाला कालच केला म्हणे मी! मी कधी केला? काळजी वाटली म्हणून हा दुसरा."

पोचली गं बाई, पोचली. हे रिसीव्हर घट्ट धरून उभे.

"म्हणजे," हे म्हणाले, "आधी त्यांना केलास?"