जिवंत आहे, काच वाजवू नये

प्राणिसंग्रहालयात अजगरमामांनी तीस वर्षं एकाच अजगराची देखभाल केली. थंडी पडली की तो दिव्याखाली वेटोळं घालून दोन-दोन महिने ढिम्म हलत नसे. येणारा-जाणारा काचेवर टकटक करून विचारी, "मेला का हो?" वैतागून मामांनी पाटी लावली : 'जिवंत आहे. काच वाजवू नये.' निवृत्त होताना ती पाटी त्यांनी आठवण म्हणून घरी आणली.

पहिल्याच थंडीत मामांनी हीटरपुढे खुर्ची ओढली, रजई गुंडाळली आणि तेही हलेनासे झाले. शेजारीपाजारी खिडकीची काच वाजवून मामींना हळूच विचारू लागले, "बरे आहेत ना?" चौथ्या दिवशी मामींचं डोकं फिरलं. त्यांनी तीच पाटी मामांच्या गळ्यात अडकवली.

मामा खूश. डोळे न उघडताच म्हणाले, "आता चहा टाक गं."

"चहा? थंडीत अजगराला भरवलं तर पोटातलं पचत नाही, कुजतं, हे जन्मभर कोण ऐकवत होतं मला?" मामींनी खडू घेतला आणि पाटीवर खाली लिहिलं : 'खायला घालू नये.'

त्या वर्षी मामांचा उन्हाळा सकाळी सव्वादहालाच सुरू झाला.