वाघमारे मामांचं निदान

वाघमारे मामा दुरुस्तीला आले की आधी सगळ्यांना गप्प बसवायचे. टीव्ही बंद, मिक्सर बंद. "मशीन बोलून राहिलीय, आपन ऐकून घ्यावं," म्हणत डोळे मिटून उभे राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस मुदखेडहून नांदेडला स्कूटरवर यायचा, पिशवीत हत्यारं आणि जेवणाचा डबा.

गेल्या मे महिन्यात मी त्यांना घाईनं बोलावलं. आईच्या पोटाच्या ऑपरेशननंतर तिला आदल्याच दिवशी घरी आणलं होतं. टाक्यांना घाम लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि नेमका एसी गरम हवा फेकायला लागला. माझं डोकं तर त्याहून गरम. घरात काही बिघडलं की माझा पहिला प्रश्न एकच, "कुणी केलं हे?" सकाळपासून चारदा विचारून झाला होता. बाबा म्हणजे निवृत्त गुरुजी, ते पेपरात तोंड घालून बसले होते.

मामांनी गॅलरीत जाऊन बाहेरच्या युनिटचा आवाज ऐकला. "गुनगुन हाय, पन पंखा फिरंना."

"पंख्याला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला असेल. मोबाईलवर बघितलंय मी."

"आसंल बी. पन ताई, आधी बघावं, मग म्हनावं."

मेन बंद करून त्यांनी जाळीतून लाकडी पट्टीनं पातं ढकललं. ते हललंच नाही. "कपॅसिटर गेला आसता तर पातं मोकळं फिरलं आसतं. हितं कायतरी आडकलंय." जाळी उघडली, तर पंख्याच्या दांड्याला तागाचे धागे गच्च गुंडाळलेले. मामांनी कठड्याकडं पाहिलं. तिथं सुतळीची एक गाठ लोंबत होती. मग त्यांनी आत, पेपराकडं पाहिलं.

"कुणी केलं हे?" माझं पाचव्यांदा.

"पाखरानं आनलं आसंल, घरट्याला," मामा शांतपणे म्हणाले आणि ब्लेडनं धागे कापत बसले. अर्ध्या तासात पंखा फिरला, खोली गार झाली, आईला डुलकी लागली. मला रडूच आलं.

निघालेल्या मामांना ताक द्यायला जिन्याकडं गेले, तर बाबांचा दबका आवाज आला. "मामा, ओलं पोतं मीच बांधलं होतं युनिटला. कूलरला ओला वाळा लावतो ना, तसं. हिला जास्त गार वाटेल म्हणून. पंखा थांबला तसं गुपचूप काढून ठेवलं."

"म्हाईत हाय, गुरुजी. आमच्याकडं निम्मं गाव बांधतंय. वारा कोंडतो, धागे आत वढले जातात. म्या सोता बांधलं व्हतं पह्यल्या साली."

"तेवढं पोरीला सांगू नका."

"मी कशाला सांगू? तुमीच सांगा. लेक हाय तुमची, इन्स्पेक्टर न्हाई."

मी पेले घेऊन तिथंच उभी राहिले. ज्यांचा अख्ख्या शाळेत दरारा होता, ते माझे बाबा मला भीत होते. फार लाज वाटली. पुढं होऊन म्हटलं, "ऐकलं मी, बाबा. चुकलं माझं." बाबांनी माझ्या हातातला एक पेला घेऊन मामांना दिला. मामा घोट घेऊन म्हणाले, "ताक झ्याक झालंय."

मामा आता लातूरला लेकीकडं असतात, काम बंद केलंय. परवा बाबांच्या हातून माझा मोबाईल पडला, काच तडकली. ते स्वतः स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "माझ्या हातून पडला गं." त्याच मोबाईलवरून मी लातूरला फोन लावला आणि मामांना एवढंच सांगितलं, की बाबांनी स्वतःहून सांगितलं.