फुलीनाना आणि नाकारलेलं सामान

घर हलवायला बोलावलेला माणूस आधी सामान बघतो आणि मग भाव सांगतो. आमचे नाना आधी खिशातून खडू काढायचे आणि जे नेणार नाहीत त्याच्यावर फुली मारायचे. फुल्या मारून होईपर्यंत चहालासुद्धा हात लावायचे नाहीत. महाड-बिरवाडीत कारखान्यांमुळे बाराही महिने कुणाचं ना कुणाचं बिऱ्हाड हलत असे आणि लांबचा पल्ला असला की नानांचाच ट्रक. त्यांचं खरं नाव विचारलंत तर कुणी सांगू शकलं नसतं, पण फुलीनाना म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं.

सिलिंडरवर फुली, रॉकेलच्या डब्यावर फुली. स्कूटरमधलं पेट्रोल समोर उभं राहून काढायला लावायचे. कुंड्यांवर फुली पडली की बायका हळहळायच्या, पण लोणच्याच्या बरणीवर पडली की थेट भांडायच्या. एका बाईंनी तर हट्टाने बरणी गादीच्या वळकटीत लपवून नेली. ती वाटेत फुटली आणि पुढे पाहुण्यांना त्या गादीवर झोपवायची सोय उरली नाही. देवांवर मात्र नाना खडू चालवत नसत. हात जोडायचे आणि म्हणायचे, "देव मांडीवर न्यायचे, वैनी. ट्रकात भांडी घालायची."

माणूस हट्टी, पण रागावून बोललेला मी कधी ऐकला नाही. कुणी फारच मागे लागलं तर एवढंच म्हणायचे, "ट्रक वजनाची गाडी हाय, जिवाची नाय." आता नाना नाहीत. ते गेल्याचं कळलं तेव्हा मला आमचंच बिऱ्हाड आठवलं.

ह्यांचा महाडचा कारखाना बंद पडला आणि भरूचला नोकरी लागली. हे पुढे गेले. मागे सामान, मी आणि सासूबाई. मामंजी त्याच वर्षी गेले होते. तेव्हापासून सासूबाईंनी माणसांशी बोलणंच टाकलं होतं. विचारलं तर हो किंवा नाही, बाकी सगळं बोलणं चिंगीशी, म्हणजे आमच्या मांजरीशी. आणि नानांनी नेमकी तिच्यावरच फुली मारली. म्हणजे ती ज्या पाटावर बसली होती त्या पाटावर! सासूबाई म्हणाल्या, "मग मीपण येत नाही." एसटीत मांजर घेत नाहीत, म्हाताऱ्या बाईला एकटं सोडता येत नाही आणि तिकडे ह्यांचे फोनवर फोन. माझं तर डोकंच फिरलं. नानांना मी नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटाला दोरी बांधायला गेले.

निघायच्या दिवशी सासूबाई नवं लुगडं नेसून ओट्यावर तयार. मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची. ताडपत्री ओढून झाली, ड्रायव्हरने गाडी चालू केली, आणि नाना एकदम म्हणाले, "बंद कर रे." ट्रकाला कान लावून उभे राहिले. अर्धा ट्रक खाली उतरवला तेव्हा गोधड्यांमागे कोंबड्यांचं डालगं निघालं आणि त्यात चिंगी. सासूबाईंनी पहाटेच तिची सोय लावली होती!

मला वाटलं, आता हा माणूस सामान रस्त्यावर टाकून जाणार. पण नाना सासूबाईंच्या शेजारी ओट्यावर टेकले. "काकू, आत गुदमरून मेलं असतं वो ते," म्हणाले. सासूबाईंचे डोळे भरून आले. मग नानांनी डालगं उचलून केबिनमध्ये नेऊन ठेवलं, स्वतःच्या जागेवर. "तुमी दोघी म्होरं बसा. मी मागं बसतो."

मी म्हटलं, "नाना, मागे जीव न्यायचा नाही म्हणता ना?"

"मला वरडता येतं, वैनी. मांजराचं कोन ऐकनार?"

आणि महाडपासून भरूचपर्यंत तो म्हातारा आमच्या कपाट-पलंगांत, ताडपत्रीची एक बाजू उघडी टाकून बसून आला. उतरला तेव्हा भुवयांपर्यंत धूळ.

घर नवं, गाव नवं, भाषा नवी. चिंगी दुधासाठी ओरडायला लागली. मी पिशवी घेऊन उठले तर सासूबाई वाटी घेऊन केव्हाच दाराबाहेर. त्यांना गुजरातीचं अक्षर येत नव्हतं. मी मागे धावणार तेवढ्यात नानांनी हात आडवा केला.

सामान उतरलं, बिनदुधाचा चहा झाला, तरी सासूबाईंचा पत्ता नाही. शेजारच्या घरातून मात्र त्यांचा आवाज येत होता. चिंगी कुठून आली, काय खाते, काय खात नाही, सगळं अस्सल महाडी मराठीत चाललं होतं, आणि शेजारीण गुजरातीत हसत होती. नाना निघाले. मी म्हटलं, थांबा, सासूबाईंना हाक मारते, निरोप तरी घ्या.

"नको, वैनी," नाना म्हणाले. "बोलतायत, बोलू द्या." आणि त्यांनी नि ड्रायव्हरने रिकामा ट्रक आमच्या दारापासून उताराला ढकलत थोडा पुढे नेला, मगच चालू केला.